पेवातली हवा

"दाणा मेला नाही बाप्पा, श्वास घेऊन राह्यला!" असं म्हणून मास्तर भिजवलेल्या हरभऱ्याची बाटली समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. नागपूरहून गोरा इन्स्पेक्टर शाळा तपासायला आला, तर त्याचीही सुटका नव्हती.

अकोल्याच्या त्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचो. बाटलीतली हवा चुन्याच्या निवळीत सोडली की निवळी दुधासारखी व्हायची, आणि मास्तरांना घरी पोरगं झाल्यागत आनंद. "दाण्याच्या पेशीपेशीत साखर जळून राह्यली. जाळ नाही, धूर नाही. थोडी ऊब, थोडं पाणी अन् ही जड हवा. तुमच्या अंगातही हेच चालू असते." मग आवाज बदलायचा. "पेवात दिवा सोडल्याबिगर उतरू नोका. दिवा इझला तं माणूसही इझन."

तेव्हा आमच्याकडे ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, पुरून ठेवत. माझा थोरला भाऊ हिवरखेडला एका बड्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. मास्तरांचं हे बोलणं मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

एकदा पेव उघडलं, तेव्हा त्यानं दिवा मागितला. मालक म्हणाले, "भूत पाह्यलं का बे? उतर!" भाऊ तसाच उतरला. वर प्रेतच आलं.

मालक म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. ठाणेदारानं जाणकार म्हणून मास्तरांनाच बोलावलं. मला हायसं वाटलं. हा माणूस खरं तेच सांगणार.

"मास्तर, पेवातल्या हवेनं माणूस मरते काय?" ठाणेदारानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "तसं नाही सांगता येत. छातीचा आजार असन."

शेजारी वहिनी बसली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी तं सांगत होते..." तिला वाटलं, खोटा मी.

मी नोकरी सोडली. काही वर्षांनी अमरावतीच्या बाजारात त्यांनी मला हाक मारली. केस पार पांढरे झालेले. हात धरून म्हणाले, "नोकरी गेली असती रे. दोन पोरी उजवाच्या होत्या मले."

"माह्या भावाले तीन होत्या, मास्तर." मी हात सोडवून घेतला.

ते वारल्याचं कळलं तेव्हा बायको म्हणाली, "जाऊन या ना." मी गेलो नाही. इतका जीव मी दुसऱ्या कुणाला लावला नाही, आणि इतका दगाही मला कुणी दिला नाही. त्या दिवशी ताटावर बसलो आणि न जेवताच उठलो.