मासोळ्यांचा आमदार

माझ्या बाबांना निवडणुकीत त्यांच्या सख्ख्या भावाने पाडलं.

काल बाबा गेले. आज दुपारी तलावाच्या काठावर त्यांना निरोप देऊन आलो. घर माणसांनी भरलंय, पण मला कोणाशी बोलवत नाही. म्हणून इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबा आमदार होते. एकदाच. ऐंशीच्या दशकात.
त्याआधी भंडारा जिल्ह्यात, मोहाडीजवळच्या आमच्या गावचे सरपंच. सरपंच होते तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

आमदार म्हणजे काय, हे मला लहानपणी एवढंच कळायचं की आपल्याकडे कायम कोणीतरी जेवत असतं.

नागपूरला अधिवेशन लागलं की अर्धं गाव आमदार निवासातल्या बाबांच्या खोलीत. कोणाला डॉक्टरला दाखवायचं, कोणाला नुसतं नागपूर बघायचं.
एकदा आई आणि मी गेलो, तर बाबा खाली सतरंजीवर आणि पलंगावर गावचे एक म्हातारे घोरत होते.

आई म्हणाली, "आमदार कोन आहे इथं?"
बाबा म्हणाले, "हळू बोल. उठतील ना ते."

मग ते वर्ष आलं. मी तिसरीत होते.

धानाच्या लोंब्या बाहेर पडायच्या ऐन वेळी पाऊस थांबला. शेवटचं एक पाणी हवं होतं, आणि ते फक्त तलावात होतं.

आमच्या तलावात एक उभा दगड आहे. पाणी उतरत त्याच्या बुडाशी आलं की तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, बंद करायचं. गावाची जुनी रीत. खाली उरतं ते पाणी गुरांचं आणि माशांचं. त्यातच पुढच्या वर्षाचे मासे जगतात, आणि त्या माशांवर मासेमार ढिवरांची घरं.

त्या वर्षी दगडाचं बूड उघडं पडलं आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्याच होत्या.

सगळे तलावाच्या पाळीवर, बांधावर जमले. पुढे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ.

"भाऊ, आमदार आहेस तू. एक शब्द बोल, तुडूम उघडते."
"दगड दिसून राहिला ना."
"मंग दगड खाऊ काय आम्ही?"

मासे विकणाऱ्या भागरताबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "धान गेला तं एक साल जाते, पाटील. मासोळीचं बीजच गेलं तं आम्ही कायच्यावर जगाव?"

काकांनी तिकडे पाहिलंही नाही. बाबांनाच म्हणाले, "तू आमदार कोनाचा आहेस रे? मानसांचा का मासोळ्यांचा?"

हशा पिकला. बाबाही हसले.
मग जाऊन तुडुमाच्या तोंडाशी बसले, ते दिवस मावळेपर्यंत.
आमदाराला हात कोण लावणार? तुडूम बंद राहिलं.

धान वाळलं.

पुढे निवडणूक लागली. लाउडस्पीकरवरून ओरडायचे, "मासोळ्यांचा आमदार!" त्याचं बाबांना काही वाटलं नाही.

मनाला लागली ती दुसरी गोष्ट. कोणीतरी उठवलं की आमदाराने पाळीवर नाटक केलं आणि स्वतःच्या बांध्यांना चोरून पाणी घेतलं. तोवर वाळलेलं धान कापून झालं होतं. शेतात जाऊन पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.
खरंखोटं भावाला ठाऊक असणार, म्हणून गावाने काकांच्या तोंडाकडे पाहिलं.
काका विरोधी उमेदवाराच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. गप्प.
लोकांना तेवढं पुरलं.

बाबा पडले. परत उभे राहिले नाहीत.

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. आमची अंगणं लागून. निरोप माझ्यामार्फत चालायचे.
"तुह्या बापाले सांग, गाय इकडं येऊन राहिली."
बाबा तिथेच उभे असायचे. "तुह्या काकाले सांग, आयकू आलं."
मी तेव्हा खूप हसायचे.

भंडाऱ्याला कॉलेजात एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी चोरलं ते तुझेच बाबा ना?"
घरी येऊन मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नाही."
"मग सांगत का नाही लोकांना?"
बाबा काकांच्या अंगणाकडे बघत राहिले. मला वाटलं, उत्तर टाळलं.

आज चितेजवळ शोकसभा झाली. मोठमोठे लोक बोलले. जनसेवक म्हणाले, आधारवड म्हणाले. ते निघायच्या बेतात होते, तेवढ्यात काका काठी टेकत उठले.

"मले बोलाचं आहे."

सगळे थांबले.

"भाऊच्या बांध्या माह्या बांध्यांच्या खाली आहेत. पानी माह्यातूनच त्याच्याकडं जाते. दुसरी वाटच नाही. त्या साली त्याचा धान माह्या आधी वाळला. मी डोळ्यानं पाह्यलो. तुम्ही लोक म्हनत होते, पानी चोरलं. मी जीपमंधी बसून होतो. मी 'नाही' म्हनलो नाही."

काकांनी काठी सावरली.

"त्याले माहीत होतं का मले सारं माहीत आहे. जलमभर एका शब्दानं बोलला नाही मले."

मग चितेकडे वळून म्हणाले, "भाऊ..."
मी त्यांना धरून खाली बसवलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बाबांच्या नावावरचा डाग सगळ्या गावासमोर पुसला गेला, एवढंच कळत होतं.
एक दिवस उशिरा.

आता काका आमच्या अंगणात बसलेत. कोणी त्यांच्याजवळ जात नव्हतं. आई चहा घेऊन गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"भाऊजी, साखर चालते ना तुम्हाले?"

काका रडायला लागले. आई कप धरून तशीच उभी आहे.

बाबा, या आता.
तुमच्या मुलीचा शेवटचा नमस्कार.