शांताक्काचं थांबणं

मुरुमजवळच्या आमच्या गावात शांताक्काइतकं थांबून बोलणारं माणूस न्हाय. बाजारात भाव विचारला तरी ती दुकानदाराच्या तोंडाकडं बघत उभी राहते. त्यानं सांगून झालं तरी उभीच. लोक हसतात. ही सवय तिला फोननं लावली.

तिचा एकुलता लेक शंभुलिंग लक्षद्वीपच्या एका बेटावर गवंडीकामाला गेला न् तिथंच रमला. तिथला फोन उपग्रहावरनं चालायचा. हिनं विचारलेलं आधी आभाळात जाणार, मग त्याच्याकडं. उत्तरबी त्याच वाटेनं माघारी. मधीच तोंड उघडलं की दोघांचं बोलणं एकमेकांत अडकायचं. म्हणून ती बोलायची न् गप बसायची.

दरसाली रब्बीच्या तोंडावर ती विचारायची, "पेरणीला येतूस का? न्हायतर रान धुळाप्पाला बटईनं देते."

बराच वेळ काही न्हाय. मग, "येतो की अव्वा. देऊ नगंस."

दोन सालं ती वाट बघत बसली. पेरणीजोगा वाफसा गेला, जवारीच्या रानात हराळी माजली.

औंदा समुद्राच्या बुडातनं बेटापर्यंत फोनची तार गेली. शंभूचा फोन आला तवा शेजारचा धुळाप्पा ओसरीवर चहा पीत होता.

"अव्वा, ऐकू येतंय?"

"लई झ्याक! मासं खातूस काय रं तिथं?"

"न्हाय गं!" तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोवर.

"आक्का, आता भांडायचीबी सोय झाली बघा," धुळाप्पा म्हणाला.

गुडघ्याचं, पावसाचं, जेवणाचं, सगळ्याची उत्तरं फटाफट आली. मग तिनं पेरणीचं विचारलं.

तिकडून काहीच न्हाय.

सवयीनं ती थांबली. मग तिच्या ध्यानात आलं, आता थांबायचं कारणच उरलं न्हाय. तार चांगली चालतीय. गप हाय तो शंभू. आजवर तिनं आभाळाच्या नावावर घातलेलं गप बसणंबी त्याचंच होतं.

"येतो की, अव्वा."

"नगं. रान धुळाप्पाला दिलं म्या."

धुळाप्पा बशी हातात घेऊनच उठून उभा राह्यला. त्याला हे आत्ताच कळत होतं.

"बरं केलंस, अव्वा." मधी श्वासालाबी जागा न्हवती.

शांताक्कानं पदरानं तोंड पुसलं. "येळवसला, रानातल्या पूजेला तरी ये. जवारीत बसून आंबील पी. पाव्हण्यावानी ये."

"येतो." हेबी तसंच, लगेच.

फोन ठेवून ती म्हणाली, "बशी ठेवा खाली, धुळाप्पा. उद्यापासनं हराळी खणायला लागा. झाडाखालच्या पांडवांच्या दगडांना तेवढं हलवू नगा. येळवसला पोरगं पुजायला येणार हाय."