पॉडमध्ये भरलेलं घट्ट पायसम

‘जळकं पायपुसणं चोखल्यासारखं लागतंय,’ असं स्क्रीनवर उमटलं. कविताने खुर्ची मागे सरकवली आणि मला हाक मारली, “अक्का, ही बाई भडकलीय. काय लिहू?”

बाईचं नाव डॉरीन. राहणार इंग्लंडच्या उत्तरेकडचं कुठलंसं गाव. तिला कविताचं नाव ‘एमा’ असं दिसत होतं, कारण आमच्या ऑफिसात सगळ्यांना तिकडची नावं लावलेली होती. डॉरीनच्या समजुतीप्रमाणे लंडनमध्ये कुठेतरी एमा नावाची वेप एक्स्पर्ट बसली होती. प्रत्यक्षात तंजावूरच्या नव्या बसस्टँडजवळ, एका कल्याणमंडपमच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, वरच्या मजल्यावर, कपाळाला विभूती लावून कविता बसली होती आणि तिच्या मागे मी उभी होते. वेप आम्हा दोघींपैकी एकीनेही आयुष्यात पाहिलेला नव्हता.

मी तिथे चॅट सपोर्टची टीम लीड होते. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर जाता आणि कोपऱ्यात ‘मी आपली काय मदत करू?’ असं विचारणारा चौकोन उघडतो ना, त्याच्या मागे बसलेली माणसं म्हणजे आम्ही. आमचा क्लायंट होता इंग्लंडमधलं एक ऑनलाइन वेपचं दुकान. वेप, म्हणजे ई-सिगारेट, आपल्याकडे विकायला, मागवायला, साठवायला, एवढंच काय जाहिरात करायलाही कायद्याने बंदी आहे. मग आम्ही नक्की काय करत होतो? हे मी कामाला लागल्या लागल्या आमचे मॅनेजर सेंथिल सार, म्हणजे सर, यांना विचारलं होतं.

“आपण विकतो का? नाही. आपण टाइप करतो,” ते म्हणाले. “टाइप करायला बंदी नाही.”

दारावर या कामाची पाटी होती ‘हेल्थ अँड वेलनेस प्रोसेस’. एका क्लायंटच्या कामाला आमच्याकडे प्रोसेस म्हणतात.

शिकण्यासाठी एक तरी वेप मागवावा म्हटलं, तर तो कस्टममध्ये अडकणार आणि मागवणाराही त्याच्याबरोबर. त्यामुळे सगळं ट्रेनिंग स्लाइडवर झालं. पुस्तक वाचून पोहायला शिकावं, तसं. घरी मी ‘लिक्विडचं काम’ एवढंच सांगितलं होतं. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकदा अम्माने माझ्या फोनवर आंबा, कलिंगड, स्ट्रॉबेरी अशी फ्लेवरची नावं पाहिली आणि म्हणाली, “सरबताची कंपनी म्हणून आधी सांगायचं की! एक बाटली घरी आण.”

आता डॉरीनची अडचण कळायची तर थोडं तांत्रिक सांगावं लागेल. पॉड म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची टाकी. तिच्यात कॉइल असते, म्हणजे बारीक तार आणि तिच्याभोवती कापूस. टाकीतलं लिक्विड कापसात मुरतं, तार तापते, वाफ होते, ती माणूस ओढतो. समईच्या वातीचा जो नियम, तोच इथला. वातीला तेल पोचलं नाही की वात जळते.

लिक्विडमध्ये मुख्य दोन पदार्थ. एक व्हीजी, म्हणजे ग्लिसरीन. ते घट्ट असतं आणि भरपूर वाफ देतं. दुसरा पीजी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. तो पातळ, कापसात लवकर मुरतो, चव नीट पोचवतो. कॉइलवर ओममध्ये आकडा लिहिलेला असतो. आकडा एकच्या आसपास असेल तर तिची भोकं बारीक, तिला पातळ लिक्विड लागतं, म्हणजे दोन्ही निम्मे-निम्मे. आकडा अर्ध्याच्या खाली असेल तर भोकं मोठी, तिला घट्ट चालतं, पातळ भरलं तर गळतं. एवढंच शास्त्र. आमच्या स्लाइडमध्येही ते होतं. फक्त आमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

स्क्रिप्ट म्हणजे ग्राहकाशी काय बोलायचं याचा क्लायंटने ठरवून दिलेला मजकूर. तो म्हणायचा: डिव्हाइस कुठलंही असो, आधी मोठी बाटली सुचवा. मोठी बाटली म्हणजे सत्तर टक्के ग्लिसरीन, काकवीसारखी घट्ट.

नेमकी तेव्हा तिकडे एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. ज्यांना नुसतं तोंडात धरून ओढायची सवय होती, असे सगळे लोक पुन्हा भरता येणारे पॉड घ्यायला लागले. काय भरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही सगळ्यांना मोठी बाटली दिली.

डॉरीन त्यातलीच एक. मी कविताच्या खुर्चीत बसले आणि मागचं चॅट वर सरकवून वाचलं. डॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेली. तरुणपणापासून सिगारेट. गुडघा बदलायचा होता आणि डॉक्टरने बजावलं होतं, आधी सिगारेट सोड, मग तारीख देतो. फेकायच्या वेपवर तिने ती कशीबशी सोडलीही होती. मग पॉड घेतला, आणि आमच्याच एका ‘जेम्स’ने तिला मोठी बाटली विकली. कॉइल बारीक, लिक्विड घट्ट. कापूस जळणारच.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. या मोठ्या बाटल्यांत निकोटिन नसतं. ते वेगळं घेऊन मिसळावं लागतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे घसा जळत होता आणि तलफही भागत नव्हती.

तिने लिहिलं, ‘एमा, तू बरी मुलगी दिसतेस. पण मी आता कोट घालतेय. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक पाकीट आणते. निदान ते जळकं असतं हे सांगून तरी विकतात.’

मी लिहिलं, ‘दोन मिनिटं थांबाल का?’ आणि सारांच्या केबिनकडे पळाले.

सार डवऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीत, कॉफी गार करत बसले होते. मी सगळं सांगितलं.

“व्हीजी जास्त म्हणजे क्वालिटी जास्त,” ते म्हणाले. “मैथिली, लग्नात घट्ट पायसम आलं आणि पातळ पायसम आलं, तर तू कोणतं घेशील?”

“घट्टच. पण मला ते स्ट्रॉने प्यायला लावत नाहीत, सार.”

“कस्टमरने बाटली मागितली. आपण दिली. पुढे ती कशात ओतते, हा तिचा चॉइस.”

“तिने मागितली नाही. तिने काय घेऊ असं विचारलं होतं.”

“तेच ते.”

मी परत आले तेव्हा डॉरीन चॅटमधून गेली होती. कविता स्क्रीनकडे बघत बसली होती. “कोट घातला असेल,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. कधी न पाहिलेल्या बाईसाठी, जी हिला एमा समजत होती.

मला राग आला तो मात्र डॉरीनसाठी कमी आणि पायसमच्या, म्हणजे खिरीच्या, त्या दाखल्यासाठी जास्त. मी स्क्रिप्टबाहेर जाऊन डॉरीनला ईमेल लिहिला: ही बाटली तुमच्या पॉडसाठी नाही, चूक आमची. निम्मे-निम्मेवालं लिक्विड पाठवतोय, निकोटिन आत मिसळलेलं. जुनी कॉइल फेका. नवी घाला, भरा, कापूस भिजेपर्यंत थांबा, मग ओढा. असं फुकट पाठवायची परवानगी मला होती, ‘गुडविल’ या नावाखाली. ती कधी कुणी वापरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी येताना मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली घेतली आणि घरातल्या समईच्या वाती. मीटिंगमध्ये सारांच्या टेबलावर दोन पेले ठेवले. एकात नुसतं ग्लिसरीन, दुसऱ्यात निम्मं पाणी घातलेलं. दोन्हींत वात सोडली. पाणी घातलेल्या पेल्यात वात बघता बघता वरपर्यंत भिजली. नुसत्या ग्लिसरीनमधली खालीच रेंगाळली.

सारांनी वाकून पाहिलं. खरोखर विचार केला. मग म्हणाले, “म्हणजे कस्टमरला पाणी घालायला सांगायचं?”

“नाही सार! अजिबात नाही!”

“मग हे पाणी कशाला?”

त्या आठवड्यात क्लायंटशी व्हिडिओ कॉल होता. क्लायंटतर्फे मार्टिन नावाचा गृहस्थ असायचा. तो स्वतः सतत वेप ओढत असे, त्यामुळे स्क्रीनवर निम्मा वेळ तो आणि निम्मा वेळ ढग दिसायचा. सार आमच्या बाटल्यांच्या विक्रीचा चार्ट दाखवत होते. मधेच खालच्या लग्नात मुहूर्त आला आणि नादस्वरम् आणि तविल, म्हणजे आमच्याकडचे सनई-ढोल, एकदम दणाणले.

“फायर अलार्म आहे का?” मार्टिन दचकला.

“ड्रिल, ड्रिल,” असं म्हणत सार खिडक्या लावायला उठले.

मी लॅपटॉपकडे सरकले. “मार्टिन, तुमच्या हातातल्या पॉडमध्ये कोणतं लिक्विड आहे?”

“फिफ्टी-फिफ्टी. का?”

“आपलं मोठ्या बाटलीतलं नाही?”

तो हसला. “पॉडमध्ये? कॉइल लगेच जळेल. ते कुणीच भरत नाही.”

“आम्ही रोज सगळ्यांना तेच भरायला सांगतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहे.”

मार्टिनने ढग सोडला. त्याच्या पलीकडून हवापाण्याबद्दल बोलावं तसा आवाज आला, “अगं, गोदाम भरलंय. मोठमोठे ढग काढणारी पोरं कमी झाली, माल राहिला. एक्स्पायरी जवळ येतेय. कुठेतरी खपवायला हवा ना!”

शेवटची खिडकी बंद झाली होती, त्यामुळे हे वाक्य खोलीत अगदी स्वच्छ ऐकू आलं. सारांनीही ऐकलं. ते येऊन खुर्चीत बसले, टाय नीट केला आणि म्हणाले, “एक्सलंट इनसाइट, मार्टिन.”

या इनसाइटचं पुढे काय झालं ते सांगते. स्क्रिप्टच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ वाढली, ‘डिव्हाइसनुसार अनुभव वेगळा असू शकतो.’ बाकी काही बदललं नाही.

माझ्या टीमला मात्र मी सांगितलं, बाटलीचं नाव काढण्याआधी दोन प्रश्न विचारा. कॉइलवर काय आकडा आहे? आणि आधी सिगारेट किती ओढत होता? पहिल्यावरून लिक्विड किती घट्ट ते ठरतं, दुसऱ्यावरून निकोटिन किती ते. आणि समोरचा म्हणाला की मी कधी सिगारेट ओढलीच नाही, तर त्याला काहीही सुचवू नका, नमस्कार करा. ही वस्तू चांगली आहे असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. निकोटिन ते निकोटिनच, एकदा लागलं की सहज सुटत नाही.

काही आठवड्यांनी डॉरीन परत आली आणि तिने एमालाच मागितलं. त्या दिवशी तिने पाकीट आणलं होतं. दोन ओढल्या. पार्सल आल्यावर उरलेलं नळाखाली धरलं, कारण नुसतं कचऱ्यात टाकलं असतं तर पुन्हा उचललं असतं, असं तिने प्रामाणिकपणे लिहिलं. डॉक्टरने गुडघ्याची तारीख दिली होती. खाली तिने एमासाठी इतकं भरभरून लिहिलं की क्लायंटने एमाला महिन्याची सर्वोत्तम एजंट ठरवून सर्टिफिकेट पाठवलं. एचआरने शोधलं. पगारपत्रकात एमा नावाचं कुणी नव्हतं. मग सर्टिफिकेट सारांनी आपल्या केबिनमध्ये लावलं. कविताने जाऊन त्याच्यासोबत सेल्फी काढली, तेवढंच तिला मिळालं.

आमच्या टीमची मोठ्या बाटल्यांची विक्री घसरली ती घसरलीच. सारांनी मला बोलावून सांगितलं की माझ्यासारख्या सिन्सियर व्यक्तीला नवीन संधी मिळायला हवी. संधी म्हणजे कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या क्लायंटची प्रोसेस. मी अजूनही तिथेच आहे. अम्मा नाराज आहे. सरबत बरं होतं, म्हणते.

इतकी वर्षं लोकांना सल्ले टाइप केल्यावर माझं मत असं झालंय की सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारावं, तुम्ही स्वतः काय वापरता? बहुतेक माणसं खरं सांगून टाकतात. हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नसतो.