डोरीनच्या पाठीमागची जागा

वर्ना कुलासने आमच्या गावात शाळेची बस चौतीस वर्षं चालवली. तिने आरशातून एकदा नुसतं बघितलं की मागच्या बाकावरची मारामारी थांबायची. अशा बाईला कोणाचा हेवा वाटेल, हे कोणाच्या मनातही आलं नसतं. पण हेव्याला दार कुठलंही चालतं. वर्नाच्या घरात तो मार्चच्या शेवटी आला, स्वयंपाकघराच्या दाराने, बूट नीट बाहेर काढून, हातात लिंबाचा केक घेऊन. त्याचं नाव मार्गो.

त्या दुपारी फक्त मैत्रीण डोरीन येणार होती. एकोणीस वर्षांचा रिवाज होता तो. बर्फ अजून तळ्यावर जाड असतानाच दोघी वर्नाच्या टेबलावर नकाशा पसरायच्या आणि वसंतातली ट्राउट मासे पकडायची सफर ठरवायच्या. रस्ता संपतो तिथून कनू, म्हणजे दोघींपुरती अरुंद होडी, पाण्यात घालायची, पाच तळी वल्हवायची, मधल्या रानवाटांवर कनू उलटी करून खांद्यावर न्यायची, आणि काळ्या माश्या चावायला उठण्याआधी परत यायचं. पुढे डोरीन, मागे वर्ना. एकोणीस वर्षं वर्नाने जग पाहिलं ते डोरीनच्या लाल टोपीच्या दोन्ही बाजूंनी.

शेवटच्या तळ्याला त्या ‘मावशीची मोरी’ म्हणायच्या. खरं नाव नकाशावर होतं, पण ते तोंडातून काढायचं नाही. आमच्याकडे माणूस एक वेळ बँकेतली शिल्लक सांगेल, ट्राउटचं तळं सांगणार नाही. ते वर्नाला तिच्या वडिलांनी दाखवलं होतं आणि तिने एकट्या डोरीनला.

मार्गो दोन वर्षांपूर्वी टोरोंटोहून इथे राहायला आली होती. दातांची डॉक्टर, नुकतीच निवृत्त. डोरीनची आणि तिची गाठ पोहण्याच्या वर्गात पडली. डोरीनने केक कापता कापताच सांगून टाकलं, की मार्गो यंदा आपल्याबरोबर येतेय. तिच्याकडे नवी कनू आहे, अठरा किलोची, एका हाताने उचलता येते. मग जरा घाईने म्हणाली, की मार्गोला अजून वल्ह्याची सवय नाही, तेव्हा मी तिच्या कनूत बसते. तू आपली जुनी घे. तू काय, एकटीही नेशील.

वर्नाने चहा ओतला. कपाबाहेर एक थेंब सांडला नाही. बस चालवणाऱ्या बाईचे हात ते.

दुर्दैव असं की मार्गोत खोड सापडेना. ती गप्प बसून ऐकत होती, थंड पाण्यात कनू उलटली तर काय करायचं ते विचारून वहीत लिहून घेत होती. वर्नाने तीन दिवसांचं जेवण सांगितलं, बेकन, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या पेरोगी, मेपलचा पाक. त्यावर मार्गोने आपली सुक्या जेवणाची पाकिटं गुपचूप पिशवीत परत घातली. ते वर्नाने पाहिलं, आणि तिला जास्तच राग आला. बाई उद्धट असती तर बरं झालं असतं.

“आणि शेवटी कुठलं तळं?” मार्गोने विचारलं.

वर्नाने बोट ठेवलं. पण मोरीवर नाही, तिच्या दोन तळी अलीकडे, डावीकडे. तिथे कोण्या शहाण्याने वर्षांपूर्वी आमिषाचे उरलेले जिवंत मासे पाण्यात ओतले, ते पर्च मासे माजले आणि ट्राउट संपले. गावातलं शेंबडं पोरही तिथे गळ टाकत नाही. डोरीनने त्या बोटाकडे पाहिलं, मग वर्नाकडे. आणि म्हणाली, की केक छान झालाय.

एप्रिलच्या सव्वीस तारखेला वारा सुटला आणि दुपारपर्यंत तळ्यावरचा बर्फ फुटून गेला. वर्नाचं घर काठावर, डोरीनचं टेकडीपलीकडे. त्यामुळे बर्फ गेला की फोन करायचं काम वर्नाचं. दोनच शब्द, “गेला बघ”. मग चार दिवसांनी निघायचं.

वर्नाने फोन केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने एकटीपुरतं बेकन बांधलं. बसा म्हणावं दोघी बर्फाची वाट बघत. आपण मोरीत जाऊन येऊ.

अडचण एकच होती. जुनी कनू दोघींनी मिळून घेतलेली, आणि ती असायची डोरीनच्या शेडमध्ये. मंगळवारी डोरीन औषधांच्या दुकानात गल्ल्यावर असते, म्हणून वर्ना मंगळवारी दहाला ट्रक घेऊन गेली. शेडचं दार उघडं होतं. आत कनूच्या शेजारी, उलट्या बादलीवर, डोरीन बसली होती.

“सुट्टी घेतली,” डोरीन म्हणाली. “म्हटलं, चोर आज येईल.”

“अर्धी माझी आहे. चोरी कसली?”

“बर्फ गेला ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“अगं, हार्डवेअरच्या दुकानात फळ्यावर बर्फ गेल्याची तारीख लिहितात. निम्म्या गावाने पैज लावलेली असते. एकोणीस वर्षं मला तुझ्याआधी कळतंय.” डोरीनने नाक पुसलं. “तरी तुझा फोन आल्याशिवाय मी कधी सामान बांधायला घेतलं नाही. यंदा तीन दिवस रिकामी पिशवी समोर ठेवून बसलेय.”

वर्ना कनूच्या कडेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तिला मोरी दाखवायचं कबूल केलंस का?”

“नाही. ती तुझी आहे. तू पर्चच्या तळ्यावर बोट ठेवलंस तेव्हाही मी बोलले का?”

“मग तिला आणायचं तरी कशाला?”

“मला आवडते ती. हसवते. तू चांगली आहेस वर्ना, पण तीन दिवसांत अकरा वाक्यं बोलतेस. मी मोजलीयत.”

हे लागलं. खरं होतं म्हणून लागलं. वर्ना दारापर्यंत गेली, तिथून परत आली.

“शुक्रवारी निघू,” ती म्हणाली. “तिघी. मोरीतच. पण मार्गो माझ्या पुढे बसेल, तिच्या कनूत. तू जुनी घे.”

“एकटी? ऐंशी पौंडांची?”

“तू काय, एकटीही नेशील.”

डोरीन बादलीवरून उठली. “पण तुला ती पुढे कशाला हवी?”

“तिला गळ धरता येत नाही. ट्राउट आमिषाला नुसतं नाक लावून जातो, ते ओळखायला शिकवीन. तिला विचारायची सवय आहे, मला सांगावं लागेल.”

डोरीनने कनूवरची धूळ एका बाजूने झटकली, मग त्याच बाजूने पुन्हा झटकली.

“मला कधी शिकवलं नाहीस,” ती शेवटी म्हणाली.

वर्ना ट्रकमध्ये बसली. घर दहा मिनिटांवर होतं. त्या दिवशी तिने टेकडीला वळसा घालून लांबचा रस्ता धरला, आणि ते वाक्य सगळ्या वाटेभर चघळलं.