तिसऱ्या रांगेतले नाना

धुळ्यात आमच्या नाटकाचा पडदा उघडायच्या आधी आम्ही विंगेतून एकच गोष्ट बघायचो: तिसऱ्या रांगेच्या कडेला नाना येऊन बसलेत की नाही. नाना बसलेले असले की जो तो आपलं गाणं पुन्हा एकदा गुणगुणून बघायचा, आणि नसले की नाटक करावंसंच वाटायचं नाही.

नानांनी सगळी नोकरी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात काढली. माईक बंद पडला तर त्यांचं काही अडायचं नाही, असा आवाज. निवृत्तीनंतर तो सगळा आवाज त्यांनी संगीत नाटकाला देऊन टाकला. गाणं आवडलं की तिसऱ्या रांगेतून 'वन्स मोर!' असा गडगडाट व्हायचा आणि नटाची काय बिशाद, तो पुन्हा गायचाच. पण आवडणं सोपं नव्हतं. "वन्स मोर काय चॉकलेट शे का, कोनलेबी वाटाले?" असं ते आपल्या अहिराणीत म्हणायचे. वर्षाकाठी दोन, फार तर तीन.

नाटकांबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती न विचारता मिळायची. ज्या नाटकात राजा मरताना गातो ते उत्तम. विदूषक असेल तर फारच उत्तम. दिवाणखान्यातल्या नाटकांवर मात्र त्यांचा जन्माचा राग. "पडदा उघडना आनि सोफा दिसना, की समजी लेवानं, आते दोन तास नवरा-बायकोनं भांडन. ते तं मना घरमा फुकट शे!" त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, शेजारी बसून शांतपणे म्हणायच्या, "आनि मना घरमा गानारा राजा नई शे." आलापात रमणाऱ्या एका नटाला तर त्यांनी मध्यंतरात गाठून सुनावलं होतं, "भाऊ, नाटकनी गाडी सोनगीरले पोचनी, तरी तू धुळामाच!"

एकदा एका कॉलेजच्या संगीतिकेला नाना आणि मी गेलो होतो. गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली, नट नुसते ओठ हलवत होते. नाना पहिल्याच गाण्यापासून अस्वस्थ. "हाऊ ओठ हलावस, पन गास कोन?" तिसऱ्या गाण्याला त्यांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं आणि गाणं मुळीच आवडलेलं नसताना जोरात वन्स मोर दिला. साउंडवाला गडबडला, त्यानं घाईघाईनं भलतंच बटण दाबलं, आणि मिशा लावलेला सेनापती नायिकेच्या आवाजात 'सख्या, ये ना' म्हणू लागला. पोरगा मोठा गुणी. अर्ध्या मिनिटात पदर सावरल्याचा अभिनय करून त्यानं ते गाणं शेवटपर्यंत नेलं. नाना डोळे पुसत उठले आणि त्यांनी त्याला दुसरा वन्स मोर दिला, तो मात्र मनापासून!

मला मात्र अकरा वर्षांत एकही मिळाला नव्हता. दिवसा बँकेत काउंटरवर बसायचं आणि संध्याकाळी तालमीत गायचं, हे माझं आयुष्य. बक्षिसं मिळाली, पेपरात फोटो आला. नाना म्हणायचे, "बेटा, तुना गळा चांगला शे. पन तू गानं वाचस. गात नई." मी घरी येऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट रियाज करायचे.

गेल्या वर्षी नाना मुलाकडे सुरतेला कायमचे जायला निघाले. त्यांच्या निघण्याच्या आदल्याच दिवशी दुपारी आमचं नाटक जळगावला स्पर्धेत होतं. सोनगीरच्या एका तांबट बाईची गोष्ट. हंड्यावर हातोडीचे ठोके देत मी गायचं, असं चार मिनिटांचं गाणं त्यात होतं. हा माझा शेवटचा मौका होता. पण अडचण अशी, की स्पर्धेची वेळ दोन तास, आणि आमचं नाटक भरत होतं एक तास अठ्ठावन्न मिनिटं. एक वन्स मोर आला की आम्ही चौदा जण बाद. आमचे दिग्दर्शक विलास सर, जे पेटीही वाजवायचे, मला म्हणाले, "नानांना सांगून ये. वन्स मोर द्यायचा नाही."

ज्या माणसाच्या एका हाकेसाठी अकरा वर्षं झुरले, त्यालाच तोंड बंद ठेवा म्हणून सांगायला गेले. नाना खळखळून हसले. "काय काळजी करू नको. मी तोंडमा पान भरीसन बससू. मंग कसा बोलसू?"

आणि खरंच, गालाचा फुगा करून ते जळगावच्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसले. माझं गाणं झालं. ठोके, ताना, सगळं तालमीत ठरल्याप्रमाणे. शेवटचा ठोका पडतो न पडतो तोच नाना उभे राहिले आणि त्यांनी एक बोट वर केलं!

सभागृहात नानांना ओळखत नाही असा नाटकवाला कोण? मागच्या रांगा ओरडल्या, "नानांचा वन्स मोर! वन्स मोर!" मी विलास सरांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पेटीवर पुन्हा सुरुवातीचे सूर धरले.

संपलं, बाद झालो, असं मनात आलं आणि मला एकदम हसू फुटलं. हसतच गायले. ठरलेल्या ताना विसरले, भलत्याच घेतल्या, हातोडी उगाच दोनदा जास्त मारली. गाता गाता पाहते तर तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी. गाणं संपलं आणि सभागृहाच्या दाराकडून तो बसस्टँडचा आवाज आला, "वन्स मोर!"

आता काय, बाद तर झालोच होतो. तिसऱ्यांदाही गायले. चौदाच्या चौदा जण रंगमंचावर येऊन नाचले, त्यात पहिल्याच प्रवेशात मेलेला सासराही होता.

नाटक संपल्यावर मी धावत जाऊन नानांच्या पाया पडले. "नाना, दोन-दोन वन्स मोर!"

"दोन कथाइन? एकच! पहिला दाव मी थुकाले उठनू! पानना रस घसामा गया. बोट दाखाडीसन दारवालाले 'बाहेर जाऊ दे' सांगी रायंतू."

म्हणजे आमचं नाटक पानाच्या पिचकारीपायी बाद झालं होतं. मग भीत भीत विचारलं, "आणि दुसरा?"

"तो खरा. पहिला दाव तू वाचं. दुसरा दाव गायनी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुसरा दाव तुले काही जिकानं नव्हतं, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीमार्गे जाणाऱ्या गाडीनं नाना आणि अक्का सुरतेला गेले.

यंदा आम्ही नवीन नाटक केलं. एक मिनिट राखून वेळेत संपवलं आणि गायनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. मी आनंदानं सुरतेला फोन लावला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिलं? मंग काहीतरी बिघडनं व्हई."

खरंच होतं. स्पर्धेत मी गाणं वाचलं होतं.