पऱ्हेतला एच

माझी धाकटी बहीण मेघा चपलेचा दुसरा पाय शोधायला अर्धा तास घेते, पण कॉम्प्युटरवर एका फाइलची जोडीदार फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत काढते. सानगडीच्या घरात बसून ती पुण्याच्या कंपनीसाठी धान पिकवणाऱ्यांचं ॲप लिहिते. प्रत्येक कामाची एक फाइल, आणि ते काम बरोबर होतं का हे तपासणारी दुसरी. तिने एक बटण नेमून ठेवलंय. ते दाबलं की नावावरून जोडी जुळते आणि ती इकडून तिकडे उडी मारते. हे बटण तिने मला चाळीसदा तरी दाखवलं असेल. माझ्या लग्नाचा अल्बमही मी कुणाला इतक्यांदा दाखवला नाही.

आमचे बाबा यादोराव निवृत्त पोस्टमन. ते तिच्यामागे खुर्ची टाकून बसतात आणि पडद्यावरची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली फाइलींची नावं एकेक अक्षर लावून वाचतात.

"काय पाहून राहिले बाबा?" मेघा विचारते.

"पत्ते," ते म्हणतात.

गेल्या महिन्यात कंपनीने कळवलं, गावातून काम संथ होतं. शुक्रवारी तिथल्या मॅडम तिचं काम स्क्रीनवर बघणार. पटलं तर घरून काम चालू, नाहीतर पुण्याला यायचं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच, त्यामुळे मेघाला जायचं नव्हतं. बाबा मात्र रोज म्हणायचे, "जाय ना पुण्याले, मले काय धाड भरली?" आणि दर तासाला तिच्या खोलीत डोकावून जायचे.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम सासरहून, पवनीहून आले. मेघा बटण दाबत होती, फाइली पटापट बदलत होत्या, मॅडम खूश होत्या. मग रोपांची फाइल आली. बटण दाबलं तर जोडीदार फाइलीऐवजी समोर कोरं पान. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरंच. मॅडमनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मागून बाबांचा, दारोदार नावं पुकारून कमावलेला आवाज आला, "मेघे, एकीचं नाव पऱ्हे लिवलं अन् दुसरीचं परे. एच खाल्ला ना तू!"

धानाच्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. मेघा बोलताना त्यातला ह गिळते, तसाच तिने टाइप करतानाही गिळला होता. तिने एच घातला, बटण दाबलं आणि जोडी जुळली.

मॅडम हसत सुटल्या. "घरूनच करा काम," त्या म्हणाल्या, "पण त्यांची खुर्ची तिथून हलवू नका."

चहा देताना मी बाबांना गाठलं. "तुमीच तं जा म्हणत होते. मंग काहून बोलले? चूप बसले असते तं गेली असती पुण्याले."

बाबांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ फुंकर घातली.

"नाव चुकलं म्हणून मी कधी पत्र परत जाऊ देलं नाही," ते म्हणाले. "हे तं माही पोरगी होय."