माझं बीकन कोणी ऐकेना

सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. तिथली एक सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मालावर एकदा ओकेचा शिक्का मारला की पुन्हा त्याच्याकडे वळून बघायचं नाही. गेल्या दसऱ्याला या सवयीनं माझी चांगलीच जिरवली.

आमचे हे जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. संध्याकाळी हेडफोन चढवून बसले की दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी त्या टेबलावर चहा नेऊन ठेवला आणि ह्यांच्या रेडिओवरच्या तमाम मित्रांची वहिनी झाले. निवृत्त झाल्यावर मात्र मी स्वतःच हॅमच्या परवान्याच्या परीक्षेला बसले, पास झाले आणि सरकारकडून माझं स्वतःचं संकेतनाव, म्हणजे हवेत ओळखायचं अक्षरं-आकड्यांचं नाव, मिळवलं. मग एक किट मागवलं. बीकनचं.

बीकन म्हणजे पानाच्या डब्याएवढं एक यंत्र. दर दहा मिनिटांनी ते आपलं संकेतनाव हवेत सोडतं, तेही फक्त अर्ध्या वॉटवर, म्हणजे देवघरातल्या झिरोच्या दिव्यालाही कीव यावी इतक्या ताकदीवर. जगभरातल्या हौशी लोकांचे रिसीव्हर असे संकेत टिपत असतात. कोणाला ऐकू आलंच तर त्याचा संगणक इंटरनेटच्या एका पानावर नोंद टाकतो. त्या पानावर माझं संकेतनाव यावं, आणि ते माझ्या एकटीच्या हातानं यावं, एवढंच मला हवं होतं. अगदी जिवापासून हवं होतं.

म्हणून मी पहिल्याच दिवशी बजावलं, "तुम्ही हात लावायचा नाही. आणि विचारल्याशिवाय सल्लाही द्यायचा नाही."

"बरं," हे म्हणाले. इतक्या लवकर ऐकलं म्हणून मला जरा संशयच आला.

पंधरा दिवसांत यंत्र उभं राहिलं. सोल्डरिंगला माझा हात बसलेला आहे, त्याबद्दल उगाच विनय नको. खंडेनवमीच्या सकाळी ह्यांच्याच रिसीव्हरवर ऐकत, यंत्रातला बारका स्क्रू फिरवून मी फ्रिक्वेन्सी लावली. अशा बीकनना ठरवून दिलेली जागा फार चिंचोळी, जेमतेम दोनशे हर्ट्झची. तिच्या बाहेर गेलात तर कितीही ओरडा, ते संगणक ढुंकून बघत नाहीत. मी अगदी मधोमध आणून ठेवलं आणि मनातल्या मनात ओकेचा शिक्का मारला.

मग पूजा मांडली. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही मशिनं पुजायचो, घरी मी हत्यारं पुजते. पाटावर सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर आणि शेजारी बीकनची डबी. डबीच्या झाकणावर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर गच्चीवरच्या अँटेनाची केबल जोडली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी संगणकासमोर जाऊन बसले.

पान कोरं. तासाभरानंतरही कोरं, संध्याकाळीही कोरं.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन मागे लागले. बॅटरी ठणठणीत, दहा मिनिटं झाली की यंत्र करंटही बरोबर ओढत होतं. मग गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत मी अँटेनाची तार ताणली होती. तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन टॉवेल आणि एक ओला परकर वाळत घातला होता.

"अगं, किती छान तार बांधलीस!" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यांसाठीच आहे."

मला वाटलं, सापडला चोर! कपडे उतरवले, काकूंना दुसरी दोरी बांधून दिली, धावत खाली आले. पान कोरंच.

तिसऱ्या दिवशी घड्याळ तपासलं, कारण अशा यंत्राची वेळ एक-दोन सेकंदांनीही चुकून चालत नाही. वेळ बरोबर होती. केबलची दोन्ही टोकं कापून नवीन लावली, काही उपयोग नाही. हे टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होते. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मग उठून स्वतः चहा केला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. मला तो चहा बघून रडूच आलं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास केला आणि आता आपला स्वतःचा पास होत नाही, असं झालं होतं.

चौथ्या दिवशी तपासायची एकच गोष्ट उरली होती, फ्रिक्वेन्सी. पण ती तर मी ओके केलेली! शेवटी नाक मुठीत धरून ह्यांच्या रिसीव्हरपाशी गेले आणि तो चालू केला. एरवी तो ह्यांच्या गप्पांच्या जागेवर असतो. त्या दिवशी तो माझ्या बीकनच्या जागेजवळ लावलेला होता. अगदी त्या जागेवर नव्हे, तीनशे हर्ट्झ खाली. दहा मिनिटं भरली आणि तिथूनच माझ्या यंत्राची बारीक शीळ ऐकू आली.

मी वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दसऱ्याच्या संध्याकाळपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तूच म्हणालीस, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तू विचारलंच नाहीस."

राग आला, पण नवलही वाटलं. भाजीत मीठ कमी असलं तर पहिल्या घासाला सांगणारा हा माणूस. त्यानं चार दिवस एवढी गोष्ट पोटात कशी ठेवली असेल?

"पण फ्रिक्वेन्सी सरकली कशानं?"

"ते खरंच माहीत नाही."

मी झाकण काढलं. फ्रिक्वेन्सीच्या त्या बारक्या स्क्रूखाली कपच्यांसारखे पातळ पत्रे असतात, त्यांच्यात जरा काही अडकलं की फ्रिक्वेन्सी सरकते. त्या पत्र्यांवर लालभडक काहीतरी वाळून बसलं होतं. कुंकू. ओलं करून लावलेलं, ठसठशीत. आणि मी तर कुंकू फक्त झाकणावर लावलं होतं.

"तुम्ही हात लावलात!"

"हात नाही लावला," हे खालच्या आवाजात म्हणाले. "बोट लावलं. कुंकवाचं."

पूजेला फक्त पेढ्यापुरते येऊन बसणारे आमचे हे!

"तू नैवेद्य आणायला आत गेलीस तेव्हा. म्हटलं, तुझं पहिलंच आहे, तर वरवर कशाला, आत लावू. मधोमध."

"मधोमध काय आहे ते बघितलं नाही?"

"चष्मा नव्हता गं."

मी जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ते कुंकू काढलं, पत्रे वाळवले आणि फ्रिक्वेन्सी पुन्हा लावली. हे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हात पाठीमागे बांधून उभे होते. अर्ध्या तासात पानावर पहिली ओळ आली. केरळातल्या कोणीतरी मला ऐकलं होतं. जेवणं होईतो ऑस्ट्रेलियाही आला.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव लिहायचं तर मधे नवऱ्याचं नाव येतंच, गॅसच्या पुस्तकापासून मतदारयादीपर्यंत. संकेतनावाला मधलं नाव नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठंतरी नुसती मीच लिहिलेली होते. मला फार आनंद झाला आणि मी तो ह्यांना तसाच सांगून टाकला. ह्यांना वाईट वाटेल की काय, हे सांगून झाल्यावर मनात आलं.

हे चष्मा लावून स्क्रीनजवळ आले. ओळ नीट वाचली.

"बरोबरच आहे," म्हणाले. "मी मधे आलो तेव्हाच तर बिघडलं."